दहा डेसिबल म्हणजे किंचित?

मा. संपादक,

काल तुमच्याकडे वागातोरच्या पार्ट्यांची बातमी वाचली. रात्री वस्तीत 55 डेसिबल आवाज, 'मर्यादेपेक्षा किंचित जास्त' म्हणे. अहो, मर्यादा 45 आहे! वरचे 10 म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट. जिथे एक डीजे वाजतोय तिथे तसेच दहा आणून लावा, तेव्हा कुठे मीटर दहाने चढतो. डेसिबल म्हणजे म्हापशाच्या बाजारातले बांगडे नव्हेत, पंचावन्नातून पंचेचाळीस गेले नि दहा उरले म्हणायला. कानाला साधारण दुप्पटच वाटतं ते सोडा, ती कानाची मेहरबानी.

आणि तो आकडा तरी कुठे पुरा असतो? आमच्या घरी गाणं ऐकूच येत नाही, नुसतं धब धब धब, शोकेसची काच थरथरते, आई उशी कानावर घेऊन झोपते तरी छातीत वाजतं म्हणते. तक्रार केली तर एकजण मीटर घेऊन आला, फाटकापाशी उभा राहिला, शेजारचा कुत्रा भुंकला की आकडा टुणकन वर आणि धबधबीला ढिम्म. "बाय, लिमिटच्या आसपासच आहा मगो" सांगून गेला पण! मीटर बिघडलेला नव्हता, तो 'ए' सेटिंगवर होता, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर मीटरही कमी धरतो, नियमच तसा आहे. त्यात 63 हर्ट्झच्या बासमधून, म्हणजे त्या खोल धबधबीतून, जवळजवळ 26 डेसिबल वजा होतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली माणसांना कमीजास्त सूर ऐकवून कुठला सूर कानाला किती मोठा वाटतो त्याचे वक्र काढले, त्यातल्या मंद आवाजाच्या वक्रावरनं हे 'ए' आलं. मंद आवाजाला ठीक, पण सबवूफर काय मंद आवाज आहे? 'सी' सेटिंगवर बास जवळपास जसाच्या तसा दिसतो, पण ते बटण दाबायला सांगितलं तर तो माणूस माझ्याकडेच बघत राहिला.

गंमत म्हणजे आमच्या जत्रेतलं नाटक मात्र दहाच्या ठोक्याला आवरा म्हणून सांगायला माणसं वेळेवर हजर, नायिका रडायच्या आत पडदा. त्यांच्याकडे तर मीटरही नसतो, घड्याळ पुरतं.

पुढच्या वेळी आकडा छापाल तेव्हा तो 'ए'चा की 'सी'चा, आणि मीटर कुठे धरला होता, तेही छापा.

एक वाचक, हणजूण