रिअ‍ॅक्टिव आलंय म्हणून काय झालं, आधी हे वाच

प्रिय संज्या,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी बघितला, तीन वेळा फोन लावला तर तू उचलेनास, म्हणून लिहूनच काढतोय. शेवटपर्यंत वाच, मधेच गूगल उघडू नकोस.

ब्लड बँकेतल्या माणसाने फोनवर "एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव आलंय", म्हणजे पहिल्या टेस्टमध्ये खूण उमटली, असं सांगून टाकलं ते चुकलंच त्याचं. बोलावून घेऊन, समोर बसवून सांगायचं असतं. पण त्यांना तुझ्याशी नाही, तू दिलेल्या रक्ताच्या पिशवीशी मतलब असतो रे. जराशी शंका आली की पिशवी बाद, म्हणून त्यांची टेस्ट मुद्दाम संशयी ठेवलेली असते.

त्या टेस्टला एलायझा म्हणतात, ती कशी चालते सांगतो. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूचं प्रोटीन चिकटवलेलं असतं. त्यात तुझ्या रक्ताचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, टाकायचं. त्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज असतील तर त्या तळाला चिकटतात, मग धुवायचं, मग त्यांना पकडणारं एन्झाइमवालं द्रावण टाकायचं, परत धुवायचं, शेवटी रंग येतो का बघायचं. शिमग्याचं बघ, चार बादल्या ओतल्यावरही जो रंग राहतो तोच चिकटलेला. आता धुणंच नीट झालं नाही, किंवा दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या अँटीबॉडीज चुकून चिकटल्या, तरी रंग येतोच.

आता हिशोब बघ, यात तुझी झोप परत येईल. आपल्याकडे मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे १००० जणांत दोघं. समज टेस्ट ९९ टक्के अचूक आहे, तरी उरलेल्या ९९८ मधले दहाएक जण उगाच रिअ‍ॅक्टिव दिसणार. म्हणजे बारा जणांना फोन गेला तर खरे दोनच. आत्ताच्या किट याहून बऱ्याच चांगल्या असतात, पण गणित असंच चालतं.

म्हणून आमच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी सल्ला-तपासणी केंद्रात, एका टेस्टवर कुणालाच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पहिली रिअ‍ॅक्टिव आली की त्याच रक्तावर वेगळ्या पद्धतीच्या अजून दोन किट लावतो, तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह. जुळल्या नाहीत तर दोन आठवड्यांनी परत बोलावतो. आमच्याकडे एक कंगव्यासारखी किट असते, तिचे दात सिरममध्ये बुडवायचे, वरचा ठिपका कंट्रोलचा, तो आलाच पाहिजे, खाली दुसरा गुलाबी ठिपका उमटला तर रिअ‍ॅक्टिव. इतकी वर्षं झाली तरी ती खालची जागा बघताना मी आपोआप श्वास धरतो.

उलटी भानगड पण असते, विंडो पिरियड. संसर्ग झाल्या झाल्या अँटीबॉडीज नसतात, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह येते. नव्या किट विषाणूचं स्वतःचं पी-२४ नावाचं प्रोटीन पण पकडतात, तरी १८ ते ४५ दिवस लागतातच. मला एकदा कामावर सुई टोचलेली, ७२ तासांच्या आत गोळ्या चालू करून २८ दिवस घेतल्या आणि पुढे तीन महिने टेस्ट करत बसलो. तुला तेव्हा बोललो नव्हतो, म्हणून आता सांगतोय.

आणि आपल्या देशात हे सगळं टेस्टिंग सुरू कसं झालं माहितीये? १९८६ ला चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्याच मराठी, आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला. तिथे टेस्टची सोय नव्हती, तर निर्मलाने सॅम्पल स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि मग रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेली. त्यातच देशातल्या पहिल्या केस सापडल्या. घरच्या फ्रिजमध्ये, विचार कर!

समजा तिन्ही जुळल्याच, तरी आता रोजची एक गोळी असते, सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, फुकट. पण ते नंतरचं. वहिनीला आत्ताच काही सांगू नकोस, रिपोर्ट हातात येऊ दे, मग मी पण येतो बरोबर. तोवर मात्र जरा जपून, कळलं ना.

सोमवारी ये. आधी काउन्सेलर बोलेल, तुझी संमती घेईल, त्याशिवाय कुणी सुई लावत नाही, २०१७ चा कायदाच आहे. नळीवर नाव नाही, नंबर असतो. रक्त मी स्वतः काढतो, तुला सुईची भीती आहे ते माहितीये मला, दहावीच्या लसीला वर्गातून पळाला होतास. उपाशी यायची गरज नाही, कोपऱ्यावर मिसळ खाऊनच ये. आणि फोन उचल रे बाबा.

तुझाच,
पक्या