कारवार फक्त घोषणेपुरतं का?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

सीमाप्रश्नावर तुमच्या पेपरात जे येते ते आम्ही खेड्यातले लोक मन लावून वाचतो, पण कारवारचं नाव दरवेळी घोषणेपुरतंच येते, बेळगाव-कारवार-निपाणी म्हटलं की झालं, पुढं सगळं बेळगावचंच. महाजन आयोगानं १९६७ मध्ये बेळगाव अन् कारवार ही दोन्ही शहरं कर्नाटकातच ठेवा म्हटलं, महाराष्ट्रानं मानलं नाही, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण कारवार आहे कसं?

अन् याचा आपल्या विदर्भाशी सरळ संबंध आहे बरं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि त्याच दिवशी, त्याच कायद्यानं कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. आम्ही आत आलो तेव्हाच ते लोक बाहेर गेले, आणि हे इकडं पोरांना कोणी सांगतच नाही.

तिथं काळी नदी समुद्राला मिळते त्या मुखावर टेकडीवर सदाशिवगड आहे. शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये कारवार घेतलं होतं हे खरं, पण हा गड उभा केला सोंदा या तिकडच्याच छोट्या राज्याच्या राजानं आणि नाव दिलं वडिलांचं. १७५२ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, मग हैदर अली आला, सोंद्याच्या राजाला गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला जावं लागलं, टिपूनंतर मुलूख इंग्रजांकडं. इंग्रजांची तर मिरी आणि कापडासाठी कारवारला १६३८ पासूनच वखार होती. आमच्या गाविलगडानंही बहमनी, इमादशाही, मोगल, भोसले असे किती धनी पाहिले, म्हणून हे वाचताना परकं वाटत नाही.

महाराष्ट्राचा दावा मला मनापासून मान्य आहे, पण दावा सांगताना सोंदेकरांचं नाव गाळू नये, त्यानं दावा काही कमी होत नाही. गडाची टेकडी कापून हायवे गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये काळी नदीवरचा जुना पूल पडला तेव्हा चार दिवस बातम्या आल्या, पण बाजूच्या गडाबद्दल कुठंच काही दिसलं नाही.

तुमचा एखादा बातमीदार कारवारला पाठवा, तिथल्या कोकणी बोलणाऱ्या मच्छीमारांना, म्हाताऱ्या माणसांना काय वाटते ते विचारा आणि गडाच्या फोटोंसकट पूर्ण पान छापा. आमच्या वाचनालयात तुमचा पेपर येतो, तो अंक आम्ही जपून ठेवू.

आपला एक वाचक,
ता. अचलपूर, जि. अमरावती