धार लावायला शिकवलंत त्याबद्दल काकांना मनापासून थँक्यू

प्रिय काका,

हे तुमच्या घरी येऊन सांगता आलं असतं, पण तुम्ही लगेच "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलणार, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय ज्यांच्या घरात बोथट सुऱ्या पडून आहेत त्यांनाही वाचू दे.

सगळ्यात मोठं थँक्यू याच्यासाठी की तुम्ही माझी सुरी घेऊन दोन मिनिटांत धार लावून परत दिली नाहीत. तुमच्या हाताला ते सहज जमलं असतं. तुम्ही १००० ग्रिटचा दगड (ग्रिट म्हणजे दगड किती बारीक त्याचा आकडा, आकडा मोठा तितका दगड बारीक) पाण्यात टाकलात, बुडबुडे यायचे थांबल्यावर काढून खाली ओलं फडकं घालून माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, चल कर. आणि मग अख्खी दुपार शेजारी बसून राहिलात, एकदाही माझ्या हातातून सुरी ओढून घेतली नाहीत.

मार्करची युक्ती तर मी आता भेटेल त्याला सांगते. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवायचा, दगडावर दोन-तीनदा घासायचं आणि बघायचं शाई कुठली गेली. वरची गेली आणि अगदी काठाला काळं राहिलं तर सुरीची पाठ फार खाली पडलीये, दगड धारेपर्यंत पोचतच नाहीये. नुसती काठाची गेली तर पाठ फार उचलली गेलीये. सगळी सारखी गेली की कोन बरोब्बर. १५ अंश की २० यावर लोक किती वाद घालतात, तुम्ही सरळ पट्टी आणलीत आणि दाखवलंत की पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर १५ अंशाला पाठ दगडापासून साधारण १ सेंटीमीटर वर येते आणि २० ला दीडच्या जरा आत. कडक पातळ पोलादाला १५, रोजच्या मऊ जाड सुरीला २०, झालं. एवढं सोपं करून कोणी सांगितलंच नव्हतं.

पण माझ्या मते खरी विद्या म्हणजे ती बर (burr). एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या बाजूला काठावर पोलादाची एकदम बारीक खरखरीत कड वर येते, तीच बर, डोळ्याला धड दिसत नाही पण अंगठा पाठीकडून काठाकडे हळूच सरकवून बाहेर काढला (धारेच्या दिशेने लांबीत कधीच नाही, हे तुम्ही किती वेळा बजावलंत) की अडकल्यासारखं होतं. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे ती लागली की मगच बाजू बदलायची. किती वेळा घासलं ते मोजायचं नाही, बोटाला विचारायचं. टोकाशी मला ती लागतच नव्हती तर तुम्ही काही न बोलता नुसतं माझं कोपर थोडं वर उचललंत, आणि लागली! मग ३००० च्या दगडावर दाब कमी करत करत, शेवटी नुसतं सुरीचं वजन, एकदा ही बाजू एकदा ती, आणि मग चामड्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, ओढून उरलेली बर काढायची. कागद असा सरसर कापला गेला की मी ओरडलेच.

ती सुऱ्यांच्या सेटबरोबर येणारी सळई धार लावत नाही, वाकलेली धार फक्त सरळ करते, हेही तुमच्यामुळे कळलं. आणि फिरत्या चाकावर ठिणग्या उडवत धार लावली आणि काठ निळा पडला की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग कितीही घासा ती धार टिकत नाही, हे ऐकल्यापासून मी कुणाला आपली सुरी तशी देऊ देत नाही.

आईच्या मनगटाला जोर लावला की दुखायचं, आता सुरी आपसूक खाली उतरते. ती रोज तुमचं नाव काढते, हे मुद्दाम कळवतेय.

दगडावर पेन्सिलीने जाळी काढून ती पूर्ण पुसली जाईपर्यंत सपाट करायचं काम मी न विसरता करतेय. आता कात्री राहिलीये. आतली सपाट बाजू दगडावर तिरकी धरायची नाही एवढं तुम्ही सांगून ठेवलंय, बाकीचं शिकायला रविवारी येते, दोन्ही कात्र्या घेऊन.

तुमची,
शेजारची पोरगी