हिरवी पाटी नंतर, आधी मीटर

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्लॅन मिळाला. पप्पांनी पहिली दोन पानं वाचली आणि "आकड्यांचं तू बघ" म्हणून माझ्या टेबलावर ठेवला. मी सगळा वाचला, तक्त्यांसकट. मेहनत दिसते. पण फोनवर बोलायला गेलं की तू घाईत असतोस आणि पप्पा मध्येच बोलतात, म्हणून लिहून पाठवते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याच्या, नावात 'ग्रीन' घालायचं, छतावर सोलर बसवायचं, नवीन ब्रोशर काढायचं आणि पर्यावरणपूरक कास्टिंग (साच्यात ओतलेला माल) म्हणून टनामागे जादा दर मागायचा. यातलं सोलर बरोबर आहे. बाकीचं मला पटलं नाही, आणि दराचं तर अजिबात नाही. गाडीचे पार्ट घेणारा ग्राहक दर वर्षी आपल्याकडे दर कमी करूनच मागतो, हे तू लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकत आलायस. तो पर्यावरणासाठी किलोमागे रुपया वाढवून देईल, हे विसर.

मात्र हल्ली तो विचारतो. मोठ्या कंपन्यांकडून फॉर्म येतात: वर्षाला किती युनिट वीज, किती पाणी, किती कचरा, तो कुठे जातो. हे त्यांना हौस म्हणून सुचलेलं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, आणि त्यातल्या मोठ्यांनी माल पुरवणाऱ्यांचीही माहिती द्यावी असंही म्हटलंय, सध्या ते ऐच्छिक आहे. तिकडे युरोपने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरे आयात मालावर कार्बनचा आकार लावायला जानेवारी २०२६ पासून सुरुवात केली आहे. आपला बहुतेक माल गाडीचे पार्ट म्हणून जातो, तो त्या यादीत आज थेट येत नाही. पण यादी वाढणार नाही असं कोण सांगतो? तेव्हा स्वच्छ माहिती ठेवली म्हणून दर वाढणार नाही, पण ती नसेल तर उद्या आपलं कोटेशन उघडणारसुद्धा नाहीत. यालाही मी नफाच म्हणते, फक्त तो ताळेबंदात वेगळा दिसत नाही.

आता खऱ्या पैशाकडे येते. तू सोलरला चार पानं दिलीस आणि भट्टीला अर्धं. हे प्रमाण उलटं हवं.

समजायला सोपे आकडे धरू. महिन्याला १०० टन चांगलं कास्टिंग गाडीत भरायचं आहे. एक टन लोखंड वितळवायला आपल्या विजेवरच्या इंडक्शन भट्टीला ६०० युनिटच्या आसपास लागतात. खरं तर लोखंडाला तेवढं तापवायला ४०० च्या आतच पुरेत, उरलेली वीज भट्टीच्या तोंडातून, कॉइलच्या पाण्यातून आणि लायनिंगमधून निघून जाते. पण ओतलेलं सगळं लोखंड माल होत नाही. रनर, रायझर, गेट (साच्यात लोखंड पोचवणाऱ्या वाटांमध्ये गोठलेलं), शिवाय रिजेक्शन म्हणजे नापास माल, हे सगळं तोडून परत भट्टीत. म्हणजे एकदा पैसे देऊन वितळवलेलं लोखंड आपण पुन्हा पैसे देऊन वितळवतो. १०० किलो ओतल्यावर ६० किलो माल निघत असेल, तर एक टन मालाला वीज ६०० नव्हे, १,००० युनिट लागली. हाच उतारा ६५ वर नेला की ९२३. टनामागे ७७ युनिट कमी, १०० टनाला ७,७०० युनिट. युनिटला ९ रुपये धर. महिन्याला ६९,००० रुपये, तेही एक किलो जादा माल न विकता.

छतावरच्या १०० किलोवॉट सोलरमधून दिवसाला सरासरी ४०० युनिट मिळतील. याच हिशोबात, महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले, तर एकट्या भट्टीला रोज ४,००० लागतात. म्हणजे अख्खं छत भरून विजेचा दहावा हिस्सा. चाळीस-पंचेचाळीस लाख घालून चारेक वर्षांत पैसे परत येतात, वाईट नाही, बसवूच. पण उतारा पाच टक्क्यांनी वाढवायला पॅटर्न आणि रनरचं डिझाइन बदलायला लागतं, सिम्युलेशन करून घ्यायला लागतं, मोल्डिंगवरच्या माणसांना सोबत घ्यायला लागतं. त्याचा फोटो ब्रोशरमध्ये येत नाही, म्हणून कुणी त्यावर पानं खर्च करत नाही. आणि तुझ्या कार्बनच्या रकान्यासाठी सांगते, आपल्याकडच्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या ७,७०० युनिटांचे पाच टनांवर झाले, दर महिन्याला. दोन्ही वह्यांत तीच एक ओळ जमेला पडते. मला तुझ्या विषयात गोडी आहे ती एवढ्याचसाठी.

रिजेक्शनचं तर वेगळंच. ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधलं हवेचं भोक, आपल्याच शेडमध्ये सापडला तर फक्त वीज गेली. तोच ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावर उघडा पडला, तर वीज, वाळू, मजुरी, ट्रकचं भाडं, त्यांचं मशिनिंग आणि वर डेबिट नोट. त्या लोखंडाचा परत भंगार भावाने हिशोब. वाया गेलेल्या कास्टिंगएवढी महाग आणि मळकी वस्तू आपल्या धंद्यात दुसरी नाही.

भट्टीचं झाकण. यावर मी आणि पप्पा कितीदा भांडलो ते तुला ठाऊक आहे. केमिस्ट्रीचा रिपोर्ट यायचाय, मोल्ड म्हणजे साचे तयार नाहीत, क्रेन अडकली, आणि १,४५० डिग्रीचं लोखंड उघडं उकळत पडलेलं. झाकण न ठेवता भात शिजवणाऱ्या सुनेला तुझ्या आजीने घराबाहेर काढलं असतं. झाकण आहे, पण ते उचलायला जड म्हणून बाजूला पडून असतं. इथे तुझ्या इंजिनिअरिंगचा उपयोग कर: एका हाताने फिरेल असं झाकण करून दे. आणि मोल्ड तयार झाल्याशिवाय भट्टीत चार्ज (वितळवायचं लोखंड) टाकायचा नाही, एवढी शिस्त लाव. होल्डिंगची, म्हणजे वितळलेलं लोखंड नुसतं तापत ठेवण्याची, मिनिटं कमी झाली की वीज आपोआप कमी होते.

कंप्रेसरबद्दल एवढंच. हवा फुकट असते असं शेडमधल्या प्रत्येकाला वाटतं. कंप्रेसरला दिलेल्या विजेतला जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो, आणि साध्या कारखान्यात केलेल्या हवेपैकी वीस-तीस टक्के गळून जाणं सर्रास आहे. रविवारी सगळं बंद असताना नुसता कंप्रेसर चालू करायचा आणि तो किती वेळ लोडवर राहतो ते घड्याळ लावून बघायचं. कुणीच हवा वापरत नसताना तो लोड घेत असेल, तर ती सगळी गळती. पाइपचे जोड आणि होज बदलायला काही हजार लागतात.

विजेच्या वेळा हा मात्र नवा मुद्दा आहे, आणि तो तुझ्या प्लॅनमध्ये नाही याचं नवल वाटलं. आपल्याकडे वर्षानुवर्षे रात्री दहानंतर वीज स्वस्त, म्हणून कोल्हापूरच्या सगळ्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत भट्ट्या रात्री पेटायच्या. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलला: ऊन असतानाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांत उद्योगांना किमान २० टक्के जास्त. कारण उघड आहे, दुपारी सोलरची वीज ग्रिडमध्ये भरपूर असते. राज्यातले तास आणि दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे हलतात, ते बिलावरून बघायचे. पण रात्रीच्या सवलतीवर बेतलेली पाळी जो अजून तशीच चालवतोय, तो सवयीपायी पैसे मोजतोय. दुपारी भट्टी, संध्याकाळी फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) आणि पॅकिंग, असं वेळापत्रक बसतं का ते तू कागदावर मांडून बघ. लोकांच्या पाळ्या बदलतील, काहींना आवडणार नाही, ते मी बोलेन त्यांच्याशी.

वाळूवर तू बरं लिहिलंयस. आपली सिलिका वाळू घाटाखालून येते, सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंड्याकडून. तिच्या बिलात वाळू किती आणि भाडं किती हे बघितलंस तर चक्रावशील. तिकडे खाणीमुळे धूळ आणि रस्त्यांची दैना, इकडे वापरून झालेल्या वाळूचे ढीग. पूर्वी हे ढीग कुणाच्या तरी बांधाकडेला रात्री रिकामे व्हायचे, सगळ्या एमआयडीसीला माहीत होतं. ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओली माती मिसळलेली वाळू, आपण फिरवून वापरतोच. प्रश्न कोअरच्या, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याच्या, रेझिन लागलेल्या वाळूचा आहे. ती भाजून रेझिन जाळलं की दाणा पुन्हा मोकळा होतो, आणि एकदा भाजलेली वाळू तापल्यावर नव्या वाळूपेक्षा कमी फुगते, त्यामुळे कास्टिंगवर शिरा उमटण्याची तक्रारही कमी होते. अडचण एवढीच, की असा प्लांट एकट्या आपल्या आकाराच्या फौंड्रीला परवडत नाही. दहा-बारा जणांनी मिळून घातला तर चालतो. दहा-बारा फौंड्रीवाले एका टेबलावर बसवणं हे वाळू भाजण्यापेक्षा अवघड, पण तू नवा आहेस, तुझ्याशी अजून कुणाचं वाकडं नाही.

उरलेली वाळू पेव्हर ब्लॉकवाल्याला देण्याचं तू 'उत्पन्न' या रकान्यात टाकलंस. तो पैसे देणार नाही. फुकट नेईल, आणि आपलं टाकण्याचं भाडं वाचेल. तेवढंच लिही. आणि देण्याआधी तपासणी करून घे, रेझिनचे अवशेष असलेली वाळू लोकांच्या अंगणात नको.

तू डेन्मार्कमधल्या कलुंडबोर्ग या औद्योगिक गावी जाऊन आलास आणि भारावून लिहिलंस. मीही मग वाचून काढलं. मला तिथली एक गोष्ट फार आवडली, तुझ्या प्लॅनमध्ये ती आली नाही. रिफायनरीचा वाया जाणारा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्याने १९७२ मध्ये घ्यायला सुरुवात केली, पुढे वीजकेंद्राची वाफ, पाणी, जिप्सम असं एकेकाचं टाकाऊ दुसऱ्याकडे जाऊ लागलं. हे कुणी वरून आखलं नव्हतं. दोन-दोन कंपन्यांनी आपापल्या फायद्याचे करार केले, आणि त्या सगळ्याला औद्योगिक सहजीवन वगैरे नाव मिळालं ते सतराएक वर्षांनी. आपल्या उसाच्या पट्ट्यात वेगळं काय चालतं? टनभर उसाचं पाव टनाहून जास्त बगॅस (चिपाड) निघतं, ते बॉयलरमध्ये जातं, कारखाना त्यावर चालून वीज विकतो. मळी डिस्टिलरीला, रस गाळल्यावर उरलेला प्रेसमड शेताला. आपला स्वतःचा धंदासुद्धा भंगारावरच उभा आहे. पप्पांना कुणी रिसायकलर म्हटलं तर ते रागावतील, पण आहेत ते तेच.

उसावरून आठवलं. इथेनॉलवर भरवसा ठेवून कारखान्यांनी मोठमोठे प्रकल्प उभे केले, आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. साखर कमी पडेल म्हणून. आठवडाभरात थोडी सूट दिली, पण कर्जाचे हप्ते काही आठवडाभर थांबले नाहीत. म्हणून तुझ्या तक्त्यात सबसिडीशिवायचा एक वेगळा रकाना घाल. जे त्या रकान्यातही टिकतं ते आधी करू. उताऱ्यातून वाचलेलं युनिट कुठल्याही अधिसूचनेने परत जात नाही.

ब्रोशरमधलं '१०० टक्के इको-फ्रेंडली' काढून टाक. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा मोघम दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, दावा केला तर पुरावा दाखवावा लागतो. आणि कोळशाची पूड घातलेल्या वाळूत लोखंड ओतणारा माणूस शंभर टक्के कसला?

एका गोष्टीवर मात्र मी ऐकणार नाही. तीन वर्षांत पैसे परत न येणारं सगळं तू लाल रंगात टाकलंस, आणि त्या लालमध्ये फेटलिंगची धूळ ओढणारी यंत्रणाही आहे. तिचे पैसे तीन वर्षांत नाही, कधीच परत येणार नाहीत. वीज खाणार, फिल्टर बदलावे लागणार. पण सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की तिला औषध नाही. पर्यावरणातून नफा होतो हे खरं, पण सगळ्यातूनच होतो असं शिकवणाऱ्या प्राध्यापकाला एकदा आपल्या फेटलिंग शेडमध्ये उभं कर. ही रक्कम परतफेडीच्या तक्त्यातून काढ आणि पगाराच्या शेजारी लिही. झाकणातून आणि कंप्रेसरमधून जे वाचेल त्यातला पहिला पैसा तिकडे जाईल, हे मी पप्पांकडून कबूल करून घेतलंय.

आलास की पहिले दोन-तीन महिने केबिनमध्ये बसू नकोस. प्रत्येक हीटची (भट्टीच्या एका वितळणीची) युनिटं आणि ओतलेलं वजन लिहायला लाग. भट्टीला, कंप्रेसरला आणि सँड प्लांटला वेगळे मीटर बसवायचे आहेत, आत्ता सगळं एका बिलात येतं आणि कुणाचं पोट मोठं ते कळत नाही. मीटरचं कोटेशन मी मागवलंय.

पोटभर जेवत जा. थंडीत दह्यावर भागवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला तेव्हा किती दिवस माल अडकला आणि त्याचं किती नुकसान झालं, ते तुझ्या 'जोखीम' या पानावर नाही. त्या दोन्ही वर्षांच्या फायली स्कॅन करून पाठवतेय. विम्याचं आणि तयार मालाचा थोडा साठा पुराच्या पलीकडे ठेवण्याचं काय करायचं, तेही त्यात मांड.