पप्पांची गाडी रिकामी मागे चालली : अंत्यविधी सेवेबाबत तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
अंत्यविधी सेवा, नाशिक शाखा

विषय : आधी कबूल करूनही कुटुंबाच्या स्वतःच्या शववाहिकेतून पार्थिव नेऊ न देणे, सांगितलेल्या मापाबाहेरची शवपेटी देणे आणि नको असलेल्या गाडीचे पैसे लावणे.

महोदय,

शनिवार, ९ नोव्हेंबरला आमच्या पप्पांचा दफनविधी झाला. सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला, "मॅडम, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल?" त्या बिचारीचा काही दोष नाही, म्हणून मी काही न बोलता फोन ठेवला. उत्तर इथे लेखी देते आहे.

पप्पा गुरुवारी रात्री मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलमध्ये गेले. धाकटा भाऊ मस्कतहून येणार होता, त्यामुळे दोन दिवस पार्थिव ठेवावं लागणार होतं. तुमचा नंबर हॉस्पिटलच्याच माणसाने दिला. शीतपेटी, शवपेटी, फुलं, कागदपत्रं हे सगळं तुमच्याकडे सोपवलं. एक गोष्ट मात्र पहिल्याच फोनवर सांगितली : गाडी आमची असेल. तुमच्या सुपरवायझरने "चालेल मॅडम, गाडीचे ४,५०० वजा करतो" असं सांगितलं आणि व्हॉट्सॲपवर ३४,००० रुपयांचा हिशेब पाठवला. त्यात "वाहन : कुटुंबाचे" अशी ओळ आहे. त्याखाली मी लिहिलं की गाडीचं मागचं दार २६ इंच रुंद आहे, पेटी कड्यांसकट २५ इंचांच्या आत हवी. त्यावर तुमचा अंगठा आणि "ओके मॅडम" आलं. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

आता ही गाडी कोणती, हे सांगावं लागेल, कारण तुमच्या माणसांनी तिला हॉस्पिटलच्या आवारात सगळ्यांसमोर "भंगार" म्हटलं.

ती १९७१ची अॅम्बॅसडर, मार्क टू आहे. आजोबा शरणपूरला सुतारकाम करायचे, पेट्याही बनवायचे. त्या काळी आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं की पेटी हातगाडीवर नाहीतर टेम्पोत घालून न्यायची. पावसात तर फार हाल. १९७८ साली आजोबांनी ही गाडी सेकंड हँड घेतली, भद्रकालीतल्या एका बॉडीवाल्याकडून मागचा भाग कापून लांबवला आणि आतली सागवानी फळी, पितळी रूळ, बाजूच्या काचांच्या चौकटी स्वतः केल्या. कुठल्याशा कॅलेंडरवर त्यांनी परदेशी शववाहिकेचं चित्र पाहिलं होतं. तिच्या बाजूला इंग्रजी एससारखी वळलेली चकचकीत दांडी होती. जुन्या घोडागाडीचं टप दुमडायला जी बिजागरी लागायची, तिची ती आठवण. मोटारीवर तिचा उपयोग काहीच नाही, निव्वळ शोभा. आजोबांनी तशी लाकडात कोरून, पितळी पत्रा मढवून दोन्ही बाजूंना लावली. ती आजही आहे. तुमच्या वेबसाइटवर "क्लासिक अंतिम यात्रा" म्हणून जी काळी कॅडिलॅक दाखवली आहे, तिलाही तीच दांडी आहे. फरक इतकाच, की आमची गाडी नाशिकमध्ये खरोखर उभी आहे. तुमच्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "तो फक्त फोटो आहे."

या गाडीचं भाडं आम्ही कधी कुणाकडून घेतलं नाही. ज्याच्या घरचं माणूस असेल त्याने पेट्रोल टाकायचं, नसेल जमत तर तेही नको. १९८९पासून पप्पा ती चालवत. लोक पुढे गाणी म्हणत पायी चालायचे आणि मागून पप्पा पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, पावलाच्या वेगाने. ज्याने अॅम्बॅसडर चालवली आहे त्यालाच हे किती कठीण ते कळेल. इंजिन तापतं, पेट्रोलची वाफ होऊन पंप मान टाकतो. म्हणून पप्पांच्या सीटखाली पाण्याचा कॅन आणि त्या पंपावर ठेवायला एक ओलं फडकं कायम असायचं. ऐन मे महिन्यातही गाडी वाटेत कधी बंद पडली नाही. ते फडकं अजून सीटखालीच आहे.

पप्पांना एक गोष्ट सांगायला फार आवडायची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एके काळी शरणपूरच्या मिशनमध्ये शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत स्कॉटिश शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या ताफ्यात सामील झाला. १८७३च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन तिकडे आतल्या मुलखात वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत किनाऱ्यापर्यंत आणला. पुरताना प्रार्थना वेनराइटने वाचली. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला धरणाऱ्यांतही तो होता. पप्पा म्हणायचे, "आपल्या शरणपूरचा पोरगा. त्याला कुणी विचारलं नाही, पॉलिसीत बसतं का म्हणून." पॉलिसी हा शब्द त्यांनी एलआयसीच्या एजंटावरून उचलला होता. तो तुमच्याकडूनही ऐकावा लागेल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी अडीचला काका गाडी घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी आले. तिथे तुमची पांढरी व्हॅन आधीच लावलेली होती. सुपरवायझर म्हणाला, "पार्थिव आमच्याच गाडीतून जाणार, कंपनीची पॉलिसी आहे." मी हिशेब दाखवला. मग म्हणाला, व्हिंटेज गाडी अंत्ययात्रेला चालत नाही, २०२१चा नियम आहे. नियम आहे, मान्य. पण तो पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या आणि व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर घेतलेल्या गाड्यांना. आमच्या गाडीचा मागचा भाग कापलेला आहे, तिला तो नंबर मागायला गेलो तर आरटीओ परत पाठवेल. तिच्या आरसीवर शववाहिका अशीच नोंद आहे. पेठ रोडच्या आरटीओत दरवर्षी तिची फिटनेस तपासणी होते, विमा आणि पीयूसी चालू आहेत. परमिटचं म्हणाल, तर फक्त मृतदेह आणि सोबतचे लोक नेणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६(३) प्रमाणे ते लागतच नाही. सगळे कागद काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत आणले होते. तुमच्या माणसाने पिशवी हातातही घेतली नाही.

शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, तुमची पेटी बसते का बघा." नाही बसली. पेटी २४ इंच, दोन्ही बाजूंची कडी धरून २८. तुमचा माणूस हसला. हे वाक्य मी रागाने लिहीत नाही, तो खरंच हसला.

चर्चमध्ये लोक थांबले होते, तीनची वेळ दिलेली. आई रिक्षात बसून होती. आम्ही हो म्हटलं. त्या क्षणी हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि ते तुम्हाला पक्कं माहीत होतं, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

मुंबई नाक्यावरून सीबीएसमार्गे शरणपूर रोडपर्यंत पप्पा तुमच्या व्हॅनमधून गेले. दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत तुमचा मोबाइल नंबर, वर लुकलुकणारा दिवा, आणि सिग्नलला हॉर्न. मागे आमची गाडी रिकामी, फळीवर फक्त झेंडूच्या आणि निशिगंधाच्या माळा. त्र्यंबक नाक्यावर एका ट्रॅफिक हवालदाराने गाडी ओळखून टोपी काढली. त्याला वाटलं, पप्पाच चालवताहेत.

चर्चमधली उपासना संपल्यावर काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सहा कडी, प्रत्येकी दोन स्क्रू. चार-पाच मिनिटं लागली. (तुम्ही ज्यांना पितळी म्हणता ती कडी प्लास्टिकची आहेत, वर मुलामा. काकांनी ती हातात तोलली आणि काही बोलले नाहीत. सुताराच्या मुलाने आणखी काय बोलायचं.) मुलांनी पेटी खांद्यावर घेतली, रुळावर ठेवली, ती सरकत आत गेली. चर्चपासून दफनभूमीपर्यंत पप्पा आपल्या गाडीतून गेले. पंपावर फडकं भावाने ठेवलं.

म्हणजे जे काम हॉस्पिटलच्या दारात बारा स्क्रू काढून झालं असतं, त्यासाठी तुमच्या चार माणसांना पॉलिसी, नियम आणि हसू हे सगळं वापरावं लागलं.

आता बिल. ठरलेले ३४,०००, त्यावर "शववाहिका ४,५००", "थांबण्याचा आकार १,५००", या दोहोंवर १८ टक्के जीएसटी म्हणून १,०८० आणि "शवपेटीच्या हँडल्सचे नुकसान १,२००". एकूण ४२,२८०. कागदपत्रं हातात पडावीत म्हणून मी सगळे भरले, पावती सोबत आहे. अंत्यविधी, दफन आणि मृताची वाहतूक या सेवा जीएसटीच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे कराच्या कक्षेतच येत नाहीत. मी शाळेत गणित शिकवते, सीए नाही, पण एवढं वाचायला मला एक संध्याकाळ पुरली. ते १,०८० रुपये तुम्ही कुठे भरलेत, हेही कळवावं.

माझ्या मागण्या अशा. जादा घेतलेले ८,२८० रुपये परत करावेत. कुटुंबाची गाडी चालते की नाही, हे पुढच्या माणसाला पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगावं. चालत नसेल तर खुशाल नाही म्हणा, म्हणजे तो दुसरीकडे जाईल. दारात पार्थिव असताना सांगू नका. वेबसाइटवरचा कॅडिलॅकचा फोटो काढावा, किंवा गाडी आणावी. आणि "भंगार" या शब्दासाठी माझ्या आईकडे लेखी माफी मागावी, मला नको.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, त्यामुळे मी कंटाळून गप्प बसेन असं गृहीत धरू नये.

तुमची सहा हँडल्स बारा स्क्रूंसकट आमच्याकडे पिशवीत ठेवलेली आहेत. नुकसान एकाचंही झालेलं नाही. येऊन मोजून घेऊन जावीत.

आपली ग्राहक,
(मृताची मुलगी)
शरणपूर, नाशिक

सोबत : व्हॉट्सॲप संभाषणाचे स्क्रीनशॉट, बिल व पावती, गाडीच्या आरसी, फिटनेस आणि विम्याच्या प्रती, पेटीच्या मापाचे दोन फोटो.