गाण्यांच्या संकलनासोबत चिठ्ठीही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी गाण्यांची संकलने करण्याच्या छंदाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता. आता मोबाइलवर बोट फिरवले की हव्या त्या विषयावरची शंभर गाणी सलग ऐकता येतात, त्यामुळे आपल्या संग्रहातून गाणी वेचून, त्यांचा क्रम लावून कॅसेट किंवा सीडी भरण्याचे दिवस सरले, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. यातले पहिले विधान मला मान्य आहे. दुसरे मान्य नाही. ते का मान्य नाही आणि संकलनासोबत गाण्यांच्या माहितीची चिठ्ठी का हवी, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी चिपळूणला राहणारी निवृत्त शिक्षिका असून गेली चाळीसेक वर्षे अशी संकलने करते आहे. तेव्हा माझे मत थोडे पक्षपाती असणार, हे आधीच कबूल करते.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली, तरी आमच्या घरात टेपरेकॉर्डर यायला १९८० नंतरची वर्षे उजाडली. साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणायची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे मिळायची. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवरचे गाणे तीन-सव्वातीन मिनिटांचे असे, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला त्याहून फारसे मावत नसे. अशी नऊ गाणी एका बाजूला बसत. पण मध्ये एखादे सात-आठ मिनिटांचे नाट्यपद घ्यावेसे वाटले की दोन भावगीतांवर पाणी सोडावे लागे. नव्वद मिनिटांची कॅसेट मिळत असे, मात्र तिची फीत पातळ असल्यामुळे ती लवकर गुंतते, हे दोनदा पेन्सिल घालून फीत गुंडाळत बसल्यावर शहाणपण आले. बाजू संपताना शेवटचे गाणे अंतऱ्यावर तुटू नये म्हणून मी घड्याळ लावून, कागदावर मिनिटे आणि सेकंद मांडून बेरीज करत असे आणि आमच्या घरी या बेरजांची पुष्कळ थट्टा होत असे. त्या तीस मिनिटांच्या कुंपणामुळेच कोणते गाणे वगळायचे याचा विचार करावा लागे. जिथे जागेला अंतच नाही तिथे वगळण्याची वेळ येत नाही, आणि वगळलेच नाही तर निवडले तरी काय, असा माझा प्रश्न आहे.

विषयाचेही तसेच आहे. मी केलेले पहिले संकलन पावसाच्या गाण्यांचे होते आणि ते मला स्वतःला आज ऐकवत नाही. विषय इतका ऐसपैस होता की त्यात काहीही आले असते आणि तसे ते आलेही. दुसऱ्या वेळी मी आषाढ आणि श्रावण वेगळे केले. हा फरक कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आषाढात झड लागते, चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. श्रावणात सर येऊन जाते आणि पाठोपाठ ऊन पडते. त्यामुळे मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि लता मंगेशकर यांचे 'श्रावणात घन निळा बरसला' हे गाणे कितीही जिवाभावाचे असले, तरी आषाढाच्या कॅसेटमध्ये मला ते घेता येईना. मन्ना डे यांनी मराठीत गायलेले 'घन घन माला नभी दाटल्या' तिथे चपखल बसले. 'जैत रे जैत' या १९७७ च्या चित्रपटातल्या ना. धों. महानोरांच्या 'नभ उतरू आलं' या गाण्याने मात्र आठवडाभर छळले. शेवटी त्याला आषाढाच्या कॅसेटमधले पहिले स्थान दिले, कारण त्यात आभाळ अजून उतरते आहे. कोणाला हे खुळ वाटेल. पण त्या आठवड्यात ते गाणे मी जितके लक्ष देऊन ऐकले, तितके त्याआधीच्या दहा वर्षांत ऐकले नव्हते.

क्रमाचे महत्त्व मला वारीच्या संकलनाने शिकवले. माझे थोरले बंधू एका वर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालले. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते घरी बसून हळहळू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी मी वाटेच्या क्रमाने अभंग आणि भक्तिगीते लावली. ए बाजूला आळंदीपासून सासवड, जेजुरी, वाल्हे असे करत नीरेच्या स्नानापर्यंत जायचे आणि बी बाजूला लोणंदपासून पंढरपूर गाठायचे, अशी योजना होती. आरंभी अर्थातच 'इंद्रायणी काठी' घेतले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांचे संगीत आणि पंडित भीमसेन जोशी यांचा आवाज असलेले हे गाणे १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातले आहे. शेवट किशोरी आमोणकर यांनी गायलेल्या सोयराबाईंच्या 'अवघा रंग एक झाला' या अभंगाने करायचा, हेही ठरलेले होते. अडचण आली ती 'प्रपंच' चित्रपटातल्या 'विठ्ठला तू वेडा कुंभार'ची. त्या गाण्यात देवाला जाब विचारलेला आहे. ते आरंभी शोभेना आणि पंढरपूर आल्यावर तर मुळीच शोभेना. पुष्कळ विचारांती मी ते वेळापूरच्या अलीकडे घातले, कारण दहा-बारा दिवस पाय तुडवून थकलेला माणूस तिथेच देवाशी भांडेल आणि पुढे वेळापूरला वारकरी धावा करतात तेव्हा भांडण विसरून धावूही लागेल, असे मला वाटले. बंधूंनी कॅसेट ऐकून एवढेच म्हटले, "मांडवी ओढ्याच्या जरा आधी घातलं असतंस तरी चाललं असतं." हा ओढा वाटेत वेळापूरच्या आधी लागतो. म्हणजे क्रम त्यांना नेमका पोहोचला होता.

हीच गाणी माझ्या नातवाने मागच्या वर्षी मोठ्या हौसेने फोनवर घेतली आणि क्रम उलटसुलट करणारे बटण चालू ठेवून वाजवली. त्या फोनने माउलींना पंढरपुरातून उचलून जेजुरीला नेले आणि तिथून परत आळंदीला. आम्ही सगळे पोटभर हसलो. पण हाच प्रकार गीतरामायणाच्या बाबतीत झाला, तर काय होईल याचा विचार करावा. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ च्या एप्रिलपासून आठवड्याला एक या गतीने प्रसारित झालेली ती ५६ गीते कथेच्या क्रमाने ओवलेली आहेत, आणि यंत्राला त्या ओवण्याची जाणीव असण्याचे काही कारण नाही.

आता ज्यासाठी मुख्यत्वे लिहायला बसले, त्या मुद्द्याकडे येते. कॅसेटच्या डबीत एक दुमडलेला कागद असे, तीच माझी चिठ्ठी. त्यावर मी गाण्याच्या ओळीपुढे गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक आणि ते गाणे कोणाच्या तबकडीवरून किंवा कोणत्या दिवशी रेडिओवरून उतरवून घेतले, एवढे सारे लिहीत असे. फोनवरच्या संग्रहांत बहुधा गायकाचे नाव तेवढे ठळक असते. कवी आणि संगीतकार शोधावे लागतात, आणि वर्ष छापलेले असलेच, तर पुष्कळदा ते गाणे नव्याने बाजारात आणल्याचे असते. १९६० च्या सुमाराचे गाणे त्यामुळे थेट २००० नंतरचे होऊन बसते. मी एकदा केवळ टोपणनावांचे संकलन केले होते: आनंदघन या नावाने संगीत देणाऱ्या लता मंगेशकर, वसंत अवसरे या नावाने चित्रपटगीते लिहिणाऱ्या शान्ता शेळके, आरती प्रभू म्हणजे आमच्या कोकणातले चिं. त्र्यं. खानोलकर आणि ग्रेस म्हणजे नागपूरचे माणिक गोडघाटे. चिठ्ठीवर खरी नावे लिहिली नसती, तर ऐकणाऱ्याला ही गाणी एकत्र का आली, हेच कळले नसते. विषय हा असा पुष्कळदा चिठ्ठीतच राहतो.

या चिठ्ठीची खरी किंमत मात्र मला २२ जुलै २०२१ च्या पुराने दाखवली. वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरले आणि कपाटातल्या सगळ्या कॅसेटी चिखलात गेल्या. फीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर केलेली असते, तिला पाण्याची भीती कागदाइतकी नसते, हे त्या वेळी एका जाणकाराकडून समजले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही कॅसेटींचे स्क्रू काढले, फितीची चक्रे शुद्ध पाण्याने हलक्या हाताने धुतली, सावलीत वाळवली आणि नव्या कॅसेटींच्या कवचांत बसवली. निम्म्याहून अधिक फिती वाजू लागल्या. कागदांचा मात्र लगदा झाला होता. शाईच्या पेनाने लिहिलेले तर एक अक्षरही उरले नव्हते. माझ्या संकलनांच्या याद्या सुदैवाने माळ्यावरच्या एका वहीत होत्या, म्हणून ती संकलने पुन्हा उभी राहिली. माझ्या सासऱ्यांनी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या नाट्यसंगीताच्या अकरा कॅसेटींची यादी कुठेच नव्हती. आकाशवाणीचे निवेदक गाण्याआधी नावे सांगत असत. परंतु सासरे इतके टापटिपीचे, की निवेदकाचा आवाज येऊ नये म्हणून ते पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसत आणि गाणे सुरू होताच बोट उचलत. त्यांची ही सफाई आम्हाला महाग पडली आहे. त्यातल्या एका कॅसेटवर एक बाई इतके सुरेख गातात, की ऐकताना हातातले काम थांबते. त्या कोण, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही.

हे सारे कॅसेटीवरच करायला हवे, असा माझा आग्रह मुळीच नाही. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळणे आता कठीण झाले आहे आणि आमच्याकडच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. टेपरेकॉर्डरमधून एक वायर संगणकाला जोडून, ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर गाणी उतरवून घेता येतात. मूळ प्रत वेव्ह या, आवाज न दाबता साठवणाऱ्या, स्वरूपात जपून ठेवावी आणि रोजच्या ऐकण्यासाठी एमपी-थ्री करावी. खरखर काढण्याच्या भरात आवाजातला जीव काढून टाकू नये, हा माझा स्वानुभव. पेनड्राइव्हवर घेताना प्रत्येक गाण्याच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत, नाही तर गाडीतला प्लेअर आपल्या मर्जीने क्रम लावतो. जुन्या तबकडीवरचे गाणे आणि नंतरच्या काळातले गाणे शेजारी आले की आवाज एकदम चढतो किंवा पडतो, तोही आधीच सारखा करून घ्यावा. आणि कोणी सक्ती केलेली नसली, तरी तासाभराच्या आतच थांबावे.

असे करणे कायद्यात बसते का, अशी शंका त्या लेखात होती. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. आपल्या मालकीच्या संग्रहातून आपल्या घरात ऐकण्यासाठी केलेले संकलन याच वर्गात मोडते, असे मी समजते. प्रती काढून विकणे सर्वस्वी वेगळे. पूर्वी गावोगावी पैसे घेऊन आपल्या यादीप्रमाणे कॅसेट भरून देणारी दुकाने होती आणि आम्ही सर्वांनी तिथून कॅसेटी भरून घेतल्या. ते कायद्याला धरून नव्हते, हे आज मान्य करायला हवे.

आपल्याला एक विनंती आहे. वाचकांनी पाठवलेल्या पाककृती आपण पुरवणीत छापता, तशी महिन्यातून एकदा एखाद्या वाचकाच्या संकलनाची चिठ्ठी छापावी. त्यासाठी गाणी पाठवण्याची गरज नाही. विषय, क्रम, प्रत्येक गाण्याचे कवी, संगीतकार आणि गायक, आणि हे गाणे याच जागी का, याविषयी दोन-चार ओळी एवढे पुरे. ज्याला ऐकायचे असेल तो आपल्या संग्रहातून गाणी जमवील आणि एखादा तपशील चुकला असेल, तर कोणी तरी जाणकार पत्र लिहून तो दुरुस्त करील. आपल्या वाचकांत असे जाणकार पुष्कळ आहेत, हे पत्रव्यवहाराच्या सदरावरून दिसतेच.

नमुन्यादाखल माझ्या आषाढाच्या संकलनाची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिच्या बी बाजूला शेवटी चार मिनिटे अजून मोकळी आहेत. तिथे मला चालेल असे गाणे चाळीस वर्षांत सापडलेले नाही. कोणी सुचवल्यास आभारी राहीन.

आपली नम्र,
एक वाचक, चिपळूण