पेशी मेली म्हणजे जीन दोषी?
संपादक महोदय,
जीन दाबला, पेशी मेली, म्हणजे तो जीन कॅन्सरला लागतोच, असं कुणी छातीठोक लिहिलं की मला मेल्क (MELK) नावाचा जीन आठवतो. आरएनएआयच्या, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे घालून जीन दाबण्याच्या, प्रयोगांवरून हा जीन कॅन्सरपेशींना हवाच असं ठरलं, औषधाच्या ट्रायलही सुरू झाल्या, आणि २०१७ मध्ये क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या तंत्राने, तोच जीन मोडून बघितला तर पेशी मजेत वाढतायत! गोची अशी की सायआरएनए, म्हणजे जीन दाबणारा तो आरएनएचा तुकडा, जेमतेम २१ अक्षरांचा, त्यातली दुसरी ते आठवी अक्षरं भलत्याच जीनच्या एमआरएनएशी (जीनचा निरोप नेणाऱ्या आरएनएशी) जुळली तरी तोही दबू शकतो. आरएनएआय शोधणाऱ्या फायर-मेलोंच्या २००६ च्या नोबेलबद्दल वादच नाही, पण एकाच सायआरएनएवर विसंबून पेपर कसले काढता? दोन-तीन वेगळे वापरा, आणि सायआरएनएला न सापडणारी जीनची कॉपी परत घालून पेशी सावरते का ते तरी बघा राव.
– एक वाचक